हल्ली काय वाचलंत?

प्रश्न: गेल्या दोन महिन्यात कुठली पुस्तकं वाचलीत, कशी वाटली?

उत्तर: मी खानापूरची, रोज बसनं बेळगावला कामाला जाते, वाचायचं ते बसमध्येच. ‘बनगरवाडी’ दोन दिवसात संपलं, छोटंच आहे, पण दुष्काळात वाडी ओस पडते ते वाचताना टिळकवाडीचा स्टॉप कधी गेला कळलंच नाही बघा. ‘स्वामी’ परत वाचलं, रणजित देसाई इथल्या जवळच्या कोवाडचे म्हणून घरात सगळ्यांना जास्तच माया, मला रमा-माधवचं आवडलं, दरबारातलं थोडं लांबतं. पण मनात बसलं ते ‘वंशवृक्ष’. भैरप्पांची मूळ कन्नड कादंबरी, मराठीत आणली उमा कुलकर्णींनी, त्याही मूळच्या बेळगावच्याच. विधवा कात्यायनी दुसरं लग्न करते आणि तिचा मुलगा सासऱ्यांकडेच राहतो, तिथं मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या अक्कांनी हेच कन्नडमधून वाचलंय, त्या म्हणतात सासऱ्यांचं बरोबर, मी म्हणते तिचं काय चुकलं, कपडे वाळत घालता घालता अर्धा तास आमचं तेच चाललेलं. आता त्यांची कन्नड प्रत आणलीय, अक्षरं जुळवत वाचतेय, दहा पानं झाली.