काळ्यांची संघटना चालते, मग गोऱ्यांची का नाही?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत काळ्यांची संघटना असली तर ती हक्कांची चळवळ आणि गोऱ्यांनी काढली तर वर्णद्वेष. इथेही दलितांची संघटना चालते, 'आम्ही' काढली की लगेच जातीयवादी. हा दुटप्पीपणा नाही का?

नागपुरात महाल भागात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. त्यामुळे 'आम्हाला संघटना काढू देत नाहीत' हे वाचून आधी हसूच आलं. दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोन महिने माझं मशीन समाजांच्या भरवशावर चालतं. गुणवंतांचा सत्कार, उपवर-वधू परिचय मेळावा, वसतिगृहाचं भूमिपूजन. आठ बाय चारचा बॅनर, वर समाजाचं नाव, खाली पदाधिकाऱ्यांचे चेहरे, डाव्या कोपऱ्यात संत. तेल्यांचे संताजी, सोनारांचे नरहरी, नाभिकांचे सेना महाराज, माळ्यांचे सावता. ब्राह्मणांचा असला तर परशुराम. एकाच पंढरीच्या वाटेवरची माणसं (परशुराम सोडून), पण माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं फोल्डर वेगळं. डिझाइन मात्र तेच. घाईत ऑपरेटर फक्त फोटो आणि नावं बदलतो. एकदा सेना महाराजांच्या पुण्यतिथीला नरहरी सोनार छापून गेले आणि रात्री अकराला मला फुकटात दुसरी प्रिंट मारून द्यावी लागली.

मी स्वतः तेली. आमच्या मेळाव्याचे बॅनर मीच छापतो, आणि त्यासाठी आजवर कुणी मला जातीयवादी म्हटलेलं नाही. म्हणजे तुमचा प्रश्न उभा आहे तो पायाच कच्चा आहे.

अमेरिकेतही तसंच. आयरिश लोकांची संघटना १८३६ पासून आहे, इटालियनांची १९०५ पासून. सगळे गोरेच की. त्यांना कुणी वर्णद्वेषी म्हणत नाही. कुणी कुठून आला, काय खातो, कुठला सण करतो यावर जमलेली ती मंडळी.

आता काळ्यांची जी संघटना लोक उदाहरणाला घेतात तिचं बघा. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल, स्थापना १९०९. आदल्या वर्षी स्प्रिंगफील्डला, म्हणजे लिंकनच्याच गावात, गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांची घरं जाळली, माणसं मारली. त्यातून ती निघाली. काढणाऱ्यांत गोरे भरपूर होते, पहिला अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी हा बॉस्टनचा गोरा वकील. आपल्याकडे बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. तेही बहिष्कृतांपैकी नव्हेत. ज्यांना तुम्ही एका जातीची, एका वंशाची संघटना म्हणता तिथे दुसऱ्यांना अध्यक्षाची खुर्ची होती. आमच्या समाजाच्या कार्यकारिणीत दुसऱ्या जातीचा अध्यक्ष मी तरी पाहिला नाही, आणि मी सगळ्यांच्या कार्यकारिण्या छापतो.

मग गोऱ्यांची म्हणून बदनाम झालेली संघटना कोणती? १९५४ साली त्या काळ्यांच्या संघटनेचे वकील थर्गुड मार्शल यांनी सुप्रीम कोर्टात खटला जिंकला. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरल्या. नीट बघा, काळ्यांसाठी वेगळी चांगली शाळा त्यांनी मागितली नव्हती, आहे त्याच शाळेत जागा मागितली होती. दोनच महिन्यांनी मिसिसिपीत गोऱ्यांची सिटिझन्स काउन्सिल निघाली. तिची मागणी, ही मुलं आमच्या शाळेत नकोत. शाळेच्या अर्जावर सही करणाऱ्या काळ्या माणसाची नोकरी घालवायची, त्याचं कर्ज अडवायचं, ही तिची कामं. नावात रंग नव्हता बरं का, फक्त 'नागरिक'.

दुटप्पीपणा नाहीच असं मात्र मी म्हणत नाही. भरपूर आहे, आणि कुठलीच बाजू सुटत नाही. आमच्या ओबीसींच्या सभेत संख्येने मोठ्या जाती माइक धरतात, बलुतेदार मागच्या खुर्च्यांवर. बाहेर वाटा मागताना आम्ही एक, आत वाटताना आपापले.

आणि परदेशात गेलेल्या आपल्या लोकांचं काय सांगावं! पंजाबातून गेलेला भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सैन्यात होता. बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच तिथलं नागरिकत्व मिळायचं, तर हा कोर्टात म्हणाला की मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे गोराच. हा नियम काढा असं नाही म्हटलं, मला तेवढं आत घ्या म्हटलं. १९२३ मध्ये कोर्टाने त्याला बाहेरच ठेवलं. बरोबर शंभर वर्षांनी, २०२३ च्या फेब्रुवारीत, सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हा विरोधाला उभे राहिलेल्यांत आपलीच माणसं होती. मेलबर्नला आपल्या पोरांना मारलं तेव्हा, २००९ साली, तो वर्णद्वेष म्हणून टीव्हीसमोर हळहळणारी हीच घरं ईशान्येकडच्या पोरीला 'चिंकी' म्हणतात.

माझंही सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुकानावरची खोली भाड्याने द्यायची होती. एक मुलगा आला, बँकेत नोकरी, बोलायला गोड. नाव सांगितलं, नुसतं पहिलं.

"पूर्ण नाव काय जी?" मी विचारलं.

त्याने खिशातून आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं, माझ्याकडे तोंड करून. "घ्या काका, आडनावासकट आहे."

त्याच आडनावाच्या कितीतरी लोकांचे १४ एप्रिलचे आणि दीक्षाभूमीचे बॅनर मी छापले आहेत, पैसे मोजून घेतले आहेत. त्याला म्हणालो, घरी विचारून सांगतो. त्याने कार्ड उचललं, नंबर मागितला नाही, दिलाही नाही.

पुढच्या महिन्यात खोली ओळखीतल्या एका मुलाला दिली. त्याचं आडनाव विचारावं लागलं नाही.