सामाईक स्वयंपाकघर असलेलीच खोली घे

प्रश्न थोडक्यात असा होता: ऑक्टोबरपासून श्टुटगार्टला मास्टर्स, शिकवणं इंग्रजीत, पुण्यात जर्मन ए-२ पर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दोन पातळ्या, झालेलं. वसतिगृहात दोन पर्याय आहेत. एक, स्वतःचं किचन असलेली छोटी खोली. दुसरी थोडी स्वस्त, पण स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्यांचं मिळून एक. घरचे म्हणतात पहिली घे, आणि तुला भीती की जर्मन बोलायची वेळच येणार नाही. (मी तुझ्याहून वयाने बराच मोठा आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणतोय.)

दुसरी घे. दर महिन्याला वाचणाऱ्या युरोंसाठी नाही, तुझ्या त्या भीतीवर दुसरा उपाय नाही म्हणून.

मी श्टुटगार्टच्या वायहिंगेन भागात राहायचो. एस-बानचं, म्हणजे लोकलचं, 'उनिव्हर्सिटेट' स्टेशन उतरलं की विभाग, ग्रंथालय, मेन्सा (विद्यार्थ्यांची खानावळ), वसतिगृहं, सगळं चालत. सोय उत्तम, आणि तोच सापळा. वर्गात इंग्रजी, आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिंदी-मराठी, घरी फोनवर मराठी. स्वतंत्र खोलीत राहणारा माझा एक मित्र दोन वर्षांत दुकानातल्या 'मिट कार्टे, बिटे'च्या (कार्डाने, प्लीज) पुढे गेला नाही. हुशार होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याला कुणाशी बोलायची गरजच पडली नाही, इतकंच.

माझं जर्मन सुरू झालं ते फोडणीने. पहिल्याच आठवड्यात तेल जरा जास्त तापलं, मोहरी-हिंग पडले, धूर झाला. मी खिडकी उघडायच्या ऐवजी शहाण्यासारखं पॅसेजचं दार उघडलं. पॅसेजमधला धूरसूचक थेट अग्निशमन दलाला जोडलेला. पाच-दहा मिनिटांत आख्खी इमारत मोजे-चपलांवर खाली उभी, आणि लाल गाडी दारात. त्या संध्याकाळी एकेक दार वाजवून 'एस टुट मिअर लाइट' म्हणत माफी मागितली. त्याआधी त्या लोकांशी मी 'हालो'पलीकडे एक शब्द बोललो नव्हतो. शेवटच्या दारातल्या मुलाने हसून विचारलं, 'वास कोख्स्ट डू डेन?' वास, कोख्स्ट, डू समजलं. ते 'डेन' कशाला, ते कळेना. पुस्तकात त्याचा अर्थ काहीच्या बाही दिला होता. मग एकदम लक्षात आलं: 'शिजवतोयस तरी काय?' डेन म्हणजे आपलं प्रश्नातलं 'तरी'!

ही किल्ली क्लासमध्ये सहसा कुणी देत नाही, कारण तिथे सगळं इंग्रजीवरून समजावतात. जर्मनला इंग्रजीच्या दारातून जाऊच नकोस, मराठीच्या दारातून जा. 'माल' म्हणजे 'जरा': 'कॉम माल हेअर', जरा इकडे ये. 'डॉख' म्हणजे नकाराला उलटवणारं आपलं 'की'. 'भांडी घासली नाहीस ना?' 'घासली की!' या 'की'ला इंग्रजीत धड शब्द नाही, जर्मनमध्ये आहे. 'वाइल' (कारण) लागलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं म्हणून इंग्रज रडतात. आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच आहे. आकडेही तसेच. 'आइनउंडत्स्वान्त्सिश' म्हणजे एक आणि वीस, आपलं एकवीस. फक्त एकोणतीसला ते सरळ नऊ आणि वीस म्हणतात, तेवढं सांभाळ. आणि श्टुटगार्टच्या बाजूला 'ड्रायफिअर्टेल ड्राय' ऐकलंस की घाबरू नकोस. पाऊण तीन, म्हणजे पावणेतीन! उत्तरेकडच्या जर्मनांनाही ते पटकन कळत नाही, तुला कळेल. मात्र 'हाल्ब फिअर', शब्दशः 'अर्धे चार', म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे. यात माझी एक अपॉइंटमेंट बुडाली.

लिंगांचं काय, असं तू विचारलं होतंस. तो-ती-ते आपल्याकडे आहेत, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग कसं, हा धक्का आपल्याला बसत नाही. 'दास मेडशेन', मुलगी नपुंसक, याचं क्लासमध्ये सगळ्यांना हसू येतं. माझ्या मालवणी आजीला आलं नसतं, ती 'ता चेडू' म्हणायची. पण मराठी लिंग तसंच्या तसं लावू नकोस. जेवणाच्या टेबलावर चमचा 'डेर' (तो), काटा 'डी' (ती), सुरी 'दास' (ते), तिन्ही लिंगं एकाच ताटाशेजारी. चमचा जुळला, बाकी दोन गेले. स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावायच्या तर शेजाऱ्यांना विचारून लाव. आमच्याकडे लोकांनी माझ्या चुका पेनाने दुरुस्त केल्या, एकाने शेजारी श्वाबियन, म्हणजे तिथल्या स्थानिक, बोलीतला शब्दही लिहिला. तिथे प्रत्येक वस्तूला 'ले' लावून लाडाने लहान करतात, 'हॉयस्ले' म्हणजे घरकुल.

लोक तुझं अडखळणं ऐकून इंग्रजीत वळतील. ते सौजन्य असतं, त्याचा राग नको. 'डॉइच बिटे, इश लेर्ने नोख' (जर्मनमध्येच, प्लीज, मी अजून शिकतोय) एवढं म्हण आणि थांब. सेमिनारमध्ये नको, स्वयंपाकघरात कर. कांदा चिरताना कुणाला घाई नसते. विद्यापीठात भाषेच्या सरावासाठी जोडीदार शोधून देतात, त्याला टँडेम म्हणतात. तेही चांगलं, पण ते आठवड्यातून एकदा, आणि भूक रोज लागते.

आता सामाईक स्वयंपाकघराचा त्रास. आहेच. भिंतीवर 'पुत्सप्लान', म्हणजे सफाईच्या पाळ्यांचा तक्ता, असतो, त्यात तुझं नाव आलं की कट्टा, फरशी, कचरा तुझा. श्वाबियन लोकांची 'केअरवोखे' प्रसिद्ध आहे. म्हणजे जिना-आवार झाडायची आठवड्याची पाळी, आणि ती धर्मासारखी पाळतात. कचरा चार ठिकाणी: कागद, पॅकिंग, ओला, उरलेला. काच बाहेरच्या टाकीत, रंगाप्रमाणे, आणि रविवारी नाही, कारण खळखळाट होतो. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली टाकू नकोस, त्यावर २५ सेंट परत मिळतात. रात्री १० नंतर कुकर लावू नकोस. आमच्याकडे पहिल्या शिट्टीला एक मुलगी टेबलाखाली वाकली होती. आधी सांगून ठेव, मग सगळे मजेने शिट्ट्या मोजतात.

खोलीची हवा ही खरी जर्मन परीक्षा. थंडीत खिडकी गच्च बंद आणि कपडे आत वाळत, ही आपली सवय. त्याने कपाटामागे काळी बुरशी धरली, आणि जाताना माझ्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे गेले. चूक माझीच होती. दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडायची, हीटर बंद करून, पाच-दहा मिनिटं. 'श्टोसल्युफ्टन'. शब्द बोजड आहे, पण पहिल्या आठवड्यात पाठ कर.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. त्यासाठी वसतिगृहाकडून 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हा कागद घे. तारीख लगेच मिळत नाही, म्हणून तिथे पोहोचायच्या आधीच ऑनलाइन बघून ठेव. नंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. आपल्याकडे टीव्ही नाही म्हणून ते फसवणूक समजून फेकू नकोस. वर्गणी घरामागे असते. सामाईक फ्लॅट असेल तर सगळ्यांत मिळून एक, पण खोलीचं दार सार्वजनिक पॅसेजमध्ये उघडत असेल तर प्रत्येकाला वेगळी. तुझी खोली कुठल्या प्रकारात बसते ते शेजाऱ्यांना विचार. किल्ली घेताना भिंती, गादी, बेसिन यांचे फोटो काढ आणि ताबा घेतल्याच्या कागदावर प्रत्येक ओरखडा लिहून घे.

हाउसमाइस्टरशी, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाशी, 'झी'नेच बोल. मजल्यावरच्या मुलांशी 'डू'. तू-तुम्हीत वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. 'डेर आबफ्लुस इस्ट फरश्टॉप्फ्ट', बेसिन तुंबलंय, हे वाक्य मी आरशासमोर दहा वेळा म्हणून गेलो होतो. त्याने उत्तर इतक्या अस्सल श्वाबियनमध्ये दिलं की एक अक्षर कळलं नाही. मी मान डोलावली. तो पाना घेऊन आला.

सामानात उशी भरू नकोस. तिथली उशी ८० बाय ८० सेंटिमीटरची असते, इथले अभ्रे तिला बसत नाहीत. त्यापेक्षा हिंगाची डबी घट्ट झाकणाची घे. पहिल्या दोन दिवसांचं खायला सोबत असू दे. आणि तिकीट अजून काढलं नसशील तर उतरायचा दिवस रविवार नको. दुकानं बंद, किल्ली देणारं कार्यालय बंद, आणि मजल्यावरचे सगळे झोपलेले.