देश सगळेच गरीब, मग काही ठिकाणी भ्रष्टाचार कमी आणि काही ठिकाणी बेसुमार का?

प्रश्न गरीब विकसनशील देशांच्या आपापसातल्या तुलनेचा आहे, त्यामुळे ‘गरिबीमुळे’ हे उत्तर इथे चालत नाही. ‘लोकांची वृत्तीच तशी’ हेही नाही, कारण वृत्ती दहा वर्षांत बदलत नाही आणि भ्रष्टाचार मात्र तेवढ्या काळात बदललेला दिसतो. माझ्या मते खरा फरक पडतो तो एका गोष्टीने: ज्याच्या हातात सरकारी पैसा किंवा सही आहे, त्याचा हिशेब कोण तपासतं आणि कशाशी ताडून बघतं.

सगळ्यात बोलकी जोडी म्हणजे रवांडा आणि बुरुंडी. शेजारी देश, दोघांनाही समुद्र नाही, आधी जर्मनी आणि मग बेल्जियमची सत्ता, स्वातंत्र्यसुद्धा एकाच दिवशी, 1 जुलै 1962 रोजी. हुतू आणि तुत्सी हे समाज दोन्हीकडे, निर्यातीला चहा-कॉफी दोन्हीकडे, भीषण रक्तपातही दोघांच्या वाट्याला. तरीही ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या 2024 च्या निर्देशांकात (0 ते 100, जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) रवांडाला 57 आणि बुरुंडीला 17 गुण आहेत. भारताला 38. म्हणजे दरडोई उत्पन्नात आपल्यापेक्षा बराच गरीब असलेला रवांडा इथे आपल्या पुष्कळ पुढे आहे. हा निर्देशांक तज्ज्ञ आणि व्यावसायिकांच्या मतांवर बनतो, लाचेच्या मोजणीवर नाही. एक-दोन गुणांच्या फरकाला काही अर्थ नसतो. चाळीस गुणांच्या फरकाला असतो.

रवांडात 2006 पासून जिल्ह्याचे महापौर राष्ट्राध्यक्षांसोबत ‘इमिहिगो’ नावाचा करार करतात: वर्षभरात किती रस्ते, किती घरांना वीज, किती विमा. वर्षअखेरीस तपासणी होते आणि जिल्ह्यांचे क्रमांक जाहीर होतात. अधिकाऱ्यांना मालमत्ता लोकपालाकडे जाहीर करावी लागते. 2018 च्या कायद्याने भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना असलेली कालमर्यादा काढून टाकली. जमिनीची एक कोटीहून जास्त तुकड्यांची नोंदणी झाली, तीही गावकऱ्यांसमोर हद्दी ठरवून. नोंद पक्की असली की दलालाला विकायला फारसं काही उरत नाही.

या व्यवस्थेची मोठी उणीव मात्र सांगायलाच हवी. हा धाक वरून खाली चालतो. वर्तमानपत्रं आणि विरोधक मोकळे नाहीत, सत्ताधारी पक्षाचे स्वतःचे मोठे उद्योग आहेत आणि त्यांची तशी तपासणी करणारं बाहेरचं कुणी नाही. चौकीवरची चिरीमिरी थांबली म्हणजे वरचंही सगळं स्वच्छ, असं मी म्हणणार नाही.

बुरुंडीत 2024 मध्ये डॉलरचा बाजारातला भाव सरकारी भावाच्या दुपटीहून जास्त होता. ज्याला सरकारी भावाने डॉलर मिळतो, तो काहीही न करता दुप्पट कमावतो. मग सरकारी भावाने डॉलर घ्यायचा परवाना देणाऱ्या टेबलाभोवती लाच जमणारच, तिथे बसणारा माणूस कोणीही असो. पेट्रोल-डिझेलच्या टंचाईतही हेच घडतं. अशा ठिकाणी दक्षता पथकं वाढवण्याआधी दोन भावांमधली दरी कमी करावी लागते.

खालून येणाऱ्या तपासणीचं उदाहरण युगांडाचं. 1991 ते 1995 या काळात प्राथमिक शाळांसाठी केंद्राकडून निघालेल्या अनुदानापैकी सरासरी फक्त 13 टक्के शाळांपर्यंत पोचत होतं. बाकीचं जिल्हा कचेऱ्यांत अडकत होतं. आपल्या शाळेच्या नावावर किती रक्कम निघाली हे मुख्याध्यापकांना आणि पालकांना ठाऊकच नव्हतं. मग सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. 2001 पर्यंत पोचणारं प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय छापील आकड्यांचं नाही, त्याच काळात निधीवाटपाची पद्धत आणि देखरेखही बदलली. पण वर्तमानपत्र विक्रीच्या ठिकाणाजवळच्या शाळांना जास्त फायदा झाला, ही नोंद महत्त्वाची आहे. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यातही हीच कल्पना आहे: कुठला दाखला किती दिवसांत, हे कचेरीत लावलेलं असलं पाहिजे.

‘पगार वाढवा, लाच थांबेल’ हा सल्ला नेहमी दिला जातो. घानाने 2010 मध्ये पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले. लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांनी दिलेल्या लाचेच्या नोंदी बघितल्या, तर शेजारच्या बुर्किना फासोच्या तुलनेत घानाच्या पोलिसांची वसुली उलट वाढली. पकडलं जाण्याची भीती तेवढीच राहिली, तर पगारवाढ एकटी काही करत नाही.

तपासणी कशी असावी, यासाठी इंडोनेशियाचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. 600 हून अधिक गावांतल्या रस्त्यांची नुसती बिलं पाहून संशोधक थांबले नाहीत. अभियंत्यांनी तयार रस्ते खोदून खडी-वाळू मोजली आणि कागदावरच्या खर्चाशी ताडली. सरकारी लेखापरीक्षणाची शक्यता 4 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर नेल्यावर गायब होणारा खर्च सुमारे 8 टक्के-बिंदूंनी घटला. त्याच गावांत एक गोष्ट मात्र वाढली: प्रकल्प चालवणाऱ्यांच्या नातेवाइकांना त्या रस्त्यावर मजुरीचं काम जास्त प्रमाणात मिळू लागलं, कारण लेखापरीक्षकाला ते पकडणं अवघड होतं.