चाळीस अर्ज आणि न उघडलेल्या तीन कथा

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे, साहित्य घेऊन पदवीधर झाली. लेखकच व्हायचं म्हणते. वर्षभरात चाळीसेक अर्ज केले, प्रत्येक अर्जासोबत कथा जोडली. सगळीकडे अनुभव मागतात. मी तिला सहा महिन्यांची मुदत दिली आहे, त्यानंतर स्पर्धा परीक्षा. तिला न सांगता तिच्या तीन कथा सोबत पाठवतोय. तिच्यात खरंच काही आहे का, ते वाचून स्पष्ट सांगा. – एक वडील

उत्तर : चाळीस नकारांपेक्षा मला तुमचे तीन शब्द जास्त खुपले : ‘तिला न सांगता’. त्या कथा मी उघडलेल्या नाहीत, उघडणारही नाही. नवीन लिहिणाऱ्याला कच्चं, फसलेलं लिहून बिनधास्त टेबलावर ठेवता येईल असं घर लागतं. आपले कागद परस्पर तपासायला जातात हे कळलं, की ती लिहायची थांबणार नाही, पण तुमच्यापासून लपवायला लागेल. आणि माझं उत्तर ‘नाही’ आलं असतं, तर तुम्ही ते तिच्यापुढे धरलं असतं ना? तुम्हाला सल्ला नकोय, निकाल हवाय. आजच तिला सगळं सांगा आणि तिची माफी मागा.

घराला तिच्या पगाराची गरज असेल तर किती आणि कधीपासून, हे तिच्याशी आकड्यांत बोला. ते रास्त आहे. पण पगार कधी सुरू होणार आणि तिच्या लिखाणात दम आहे का, हे दोन प्रश्न एकाच तारखेला बांधू नका. स्पर्धा परीक्षा मनापासून द्यायची असेल तरच द्यावी. पत्रकारितेचा अभ्यासक्रम बातमीदारीत जायचं असेल तर उपयोगी, एरवी सक्तीचा नाही.

आता खरा घोटाळा. लेखनाची नोकरी म्हणजे कथा लिहिण्याची नोकरी, असं तुम्ही दोघंही धरून चाललाय. पहिल्या नोकरीत मालक प्रतिभा विकत घेत नाही. दुसऱ्याचं आठशे शब्दांचं गुंतागुंतीचं लिखाण दीडशेत आणणं, चुकलेला आकडा पकडणं, वेळेत देणं, याचे तो पैसे देतो. जगप्रसिद्ध कथाकार फ्रान्झ काफ्का १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. तिथल्या अहवालासाठी त्याने लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर लिहिलं : चौकोनी दांड्याच्या यंत्रात कामगारांची बोटं कशी तुटतात आणि गोल दांडा बसवला तर ती कशी वाचतात. नोकरी लिखाणाचा वेळ खाते ही त्याची तक्रार होतीच, तुमच्या मुलीचीही असेल. पण त्या अहवालाला मी दुय्यम लेखन म्हणणार नाही.

म्हणून तिने जाहिरातींत ‘लेखक’ हा शब्द शोधणं सोडावं. ही कामं उपसंपादक, मुद्रितशोधक, ट्रेनी कॉपीरायटर (जाहिरातींचा मजकूर लिहिणारा शिकाऊ), टेक्निकल रायटर (एखादी वस्तू किंवा प्रक्रिया कशी वापरायची ते सोपं करून लिहिणारा), सबटायटलर अशा नावांनी निघतात. ई-लर्निंगवाल्यांनाही धडे लिहिणारी माणसं लागतात. दोन भाषा चांगल्या येत असतील तर अनुवादाचं दारही उघडं आहे.

अनुभव मागतात तिथे नमुना चालून जातो, पण तो त्या कामाचा हवा. एक करून दाखवतो. कार्यालयीन सूचना असते : ‘संबंधितांनी आवश्यक त्या कागदपत्रांच्या सत्यप्रतींसह विहित मुदतीत उपस्थित राहावे.’ वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणते कागद, कधी, कुठे हे विचारून घेतलं की ती अशी होते : ‘शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ओळखपत्र आणि गुणपत्रिकेची प्रत घेऊन खिडकी क्रमांक तीनवर या.’ मूळ मजकूर, बदललेला मजकूर आणि खाली दोन ओळींत कारण. अशी पाच पानं तयार करायला तिला एक आठवडा पुरेल. टेक्निकल रायटिंगच्या अर्जाला ती जोडावीत. वृत्तपत्राच्या डेस्कसाठी, म्हणजे उपसंपादकाच्या कामासाठी, लांब बातमी कापून दाखवावी. चाळीस ठिकाणी एकच पाकीट धाडण्यापेक्षा आठ ठिकाणी त्या-त्या कामाचा नमुना पाठवावा.

नोंदणी किंवा अनामत म्हणून पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये, तिथे नोकरी नसते. एखादी छोटी चाचणी फुकट द्यायला हरकत नाही. चाचणी म्हणून दहा लेख लिहून मागितले तर सरळ नाही म्हणावं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. कथा पाठवायच्या की नाहीत, ते तीच ठरवेल.