लावण्याचे पैसे मिळतात, जगवण्याचे कोण देणार?

जून जवळ आला की वनजमिनीवर काम करणाऱ्या गटांकडून निधीबद्दल तेच प्रश्न येतात. बरेचसे ऐकीव माहितीतून आलेले असतात.

आम्ही वीसेक रहिवासी रविवारी राष्ट्रीय उद्यानात वनविभागासोबत घाणेरी हे माजलेलं परदेशी झुडूप काढतो. गटाची नोंदणी नाही. कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने सामाजिक कामांवर खर्चायचा पैसा, मिळेल का? (बोरिवली)

थेट नाही. 12ए आणि 80जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-1 हा सरकारी नोंदणी क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असलेल्या संस्थेशी लेखी करार करा. मसुदा सनदी लेखापालांना दाखवा.

एक सल्लागार सीएसआर-1 क्रमांकासाठी मंजूर निधीचे टक्के मागतो. (ठाणे)

देऊ नका. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, लेखापालाने तो प्रमाणित केला की क्रमांक मिळतो. लेखापालाची फी द्या, निधीत वाटा कुणालाच नको.

कंपनी म्हणते, सीएसआरमधून एकाच वर्षाचे पैसे देता येतात. रोपं लावा, पुढचं तुम्ही बघा. (मुलुंड)

साफ चूक. 2021 च्या नियमांत चालू प्रकल्पाची सोय आहे: सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत. वर्षअखेर न खर्चलेली रक्कम कंपनीने 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची असते. तरीही जूनमध्ये फलक, टोप्या, फोटो होतात आणि हजारो रोपांचा आकडा अहवालात जातो. माझी सगळी काळजी त्यानंतरची आहे. पावसात रोप आपोआप तग धरतं. ऑक्टोबरनंतर गवत वाळतं, मग वणव्याचे दिवस येतात. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा), निंदणी, रोपाभोवतीची आळी, पुढच्या पावसात नांग्या भरणं म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं, या सगळ्याला मजुरी लागते आणि ती अंदाजपत्रकात नसते. ती मागा. शेवटचा हप्ता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या रोपांच्या मोजणीवर ठेवा. आणि जिथे ऐन, किंजळ या जंगली झाडांच्या खुंटांना फुटवे येताहेत तिथे खड्डे खणूच नका. आग आणि तोड थांबवण्यासाठी निधी मागा. कुठे काय करायचं ते वनक्षेत्रपालांसोबत जागेवर फिरून ठरवा.

परवानगी निधी मंजूर झाल्यावर घेतली तर? (गोरेगाव)

नाही. आधी वनविभागाचं पत्र, मग प्रस्ताव.

परदेशी देणगी एका संस्थेच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यात घेऊन चार भागीदारांत वाटायची आहे. (ऐरोली)

2020 च्या दुरुस्तीपासून परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तिच्याकडे एफसीआरए नोंदणी असली तरी. नोंदणी असलेल्या प्रत्येक भागीदाराने देणगीदाराकडून थेट घ्यावा. "सगळे असंच करतात" यावर विसंबू नका, नोंदणी रद्द होऊ शकते. एफसीआरए जाणणाऱ्या लेखापालांना करारावर सही होण्याआधी भेटा, पैसे आल्यावर नाही.