वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकचे इंजिन बदलावे का?

प्रश्न : माझा टाटा 1109 हा सहाचाकी ट्रक 2011 चे मॉडेल असून लांजा तालुक्यातील चिरेखाणींवरून चिरा वाहण्याचे काम करतो. एप्रिल-मे महिन्यांत तो आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला जातो. गेल्या वर्षभरात इंजिन ऑइल खाऊ लागले आहे. चार-पाच दिवसांत लिटरभर ऑइल घालावे लागते, साखरप्याहून आंबा घाट चढताना मागे निळा धूर दिसतो, सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही आणि ब्रीदरच्या नळीतून सतत वाफ येत असते. एक मिस्त्री म्हणतात की, कोल्हापूरहून चांगले जुने इंजिन आणून दोन दिवसांत बसवून देतो. दुसरे म्हणतात की, आहे तेच इंजिन उघडून फुल इंजिनकाम करा. मुलाचे मत असे की, एवढ्या जुन्या गाडीवर पैसे घालण्यापेक्षा ती विकून कर्जावर नवीन घ्यावी. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, लांजा

उत्तर : आपल्याला मिळालेले तिन्ही सल्ले इंजिनाभोवतीच फिरतात. आमचा आग्रह असा की, इंजिनाला हात लावण्यापूर्वी आपण चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, तपासून घ्यावी. देशावरच्या ट्रकचे इंजिन आधी थकते आणि सांगाडा मागून. आपल्याकडे खारे वारे, चार महिन्यांचा पाऊस आणि चिऱ्याचा ओला चिखल यांमुळे पुष्कळदा याच्या उलट घडते. इंजिन पैसे टाकून पुन्हा मिळते, पण गंजाने पोखरलेल्या चासीवर नवे इंजिन बसवले, तर तो खर्च दोन पावसाळ्यांत मातीत जातो.

ही तपासणी वरवर पाहून होत नाही. गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालून धुऊन घ्यावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग हातोडी घेऊन चासीच्या दोन्ही बाजूंना इंच इंच ठोकत जावे. धड पोलाद खणखणीत वाजते. आतून खाल्लेल्या जागी आवाज बद्द येतो आणि गंजाचे पापुद्रे सुटून खाली पडतात. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) ब्रॅकेट, आडव्या मेंबरांचे रिव्हेट, चासीला जोडपट्टी मारली असेल तर त्या दोन पत्र्यांमधली फट आणि विशेषतः हौद्याखालचे लाकूड जिथे चासीवर टेकते ती जागा बारकाईने पाहावी, कारण तिथे तांबडा चिखल अडकून राहतो आणि तो मे महिन्यातही आतून पुरता वाळत नाही. दोन पत्र्यांमध्ये गंज फुगून ते एकमेकांपासून सुटू लागले असतील किंवा ब्रॅकेटच्या भोकांपासून चीर गेलेली दिसली, तर इंजिनाचा विषय तिथेच थांबवावा आणि मुलाचे म्हणणे ऐकावे. वरवरचा गंज असेल, तर तो खरवडून प्रायमर मारता येतो आणि गाडीत अजून काही वर्षांचे आयुष्य आहे असे धरून पुढे जाता येते.

चासी धड निघाली असे मानून आता इंजिनाकडे वळू. आपण सांगितलेली लक्षणे रिंगा (पिस्टनवरची कडी) आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजल्याचीच वाटतात, परंतु निळा धूर एवढ्या एकाच कारणाने येत नाही. टर्बोचे, म्हणजे इंजिनात जोराने हवा ढकलणाऱ्या पंख्याचे, सील गेले, तरी ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाऊन जळते. व्हॉल्व्हचे गाइड सैल झाले, तरीही तेच होते. म्हणून टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा होज सोडून पाहावा. आत नुसता तेलकट ओलावा असेल तर चिंता नको, पण ऑइल साचलेले दिसले तर आधी टर्बोची तपासणी करून घ्यावी. मात्र ब्रीदरमधून जोराने वाफ येते, त्यावरून रिंगांच्या बाजूने वायू खाली उतरत असल्याचा संशय बळावतो. याची खात्री कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते हे मोजून होते. इंजिन गरम करावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, सर्व इंजेक्टर काढून चारही सिलिंडरचे आकडे एकामागून एक लिहून घ्यावेत आणि कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ऑइलने आकडा वर गेला, तर झीज रिंग-लायनरची. नाही गेला, तर दोष बहुधा हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे आणि मग काम बरेच स्वस्तात होऊ शकते. ही टेस्ट न करता इंजिन बदलण्याचा सल्ला देणाऱ्या मिस्त्रींचे ऐकू नये, मग ते कितीही अनुभवी असोत.

आता याहून महत्त्वाचा प्रश्न : इंजिन झिजले कशामुळे? आपली गाडी दिवसभर चिरेखाणीत असते, जिथे कापणीच्या मशिनांची बारीक तांबडी धूळ हवेत तरंगत असते. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला रबरी होज काढून आतून बोट फिरवावे. बोटाला तांबडी धूळ लागली, तर उत्तर मिळाले. फिल्टर फाटलेला आहे, त्याचे रबर नीट बसत नाही किंवा होजला क्लिपजवळ चीर आहे. अशी धूळ ऑइलमध्ये मिसळून पॉलिशच्या कागदासारखी लायनर घासत राहते. ही फट तशीच राहिली, तर आज बसवलेले इंजिन, मग ते नवे असो वा जुने, त्याच वाटेने जाईल. दुसरे कारण इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेत सापडते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे पाणी भरण्याची सवय आपल्या भागात सर्रास आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन लवकर गरम होत नाही, न जळलेले डिझेल लायनरवरचे ऑइल धुऊन काढते आणि झीज वाढते; साध्या पाण्याने आत क्षार आणि गंज साचून घाटात तेच इंजिन उलट जास्त तापते. गाडी गरम होण्याचे मूळ कारण चोंदलेल्या रेडिएटरमध्ये, सैल फॅन बेल्टमध्ये किंवा पाण्याच्या पंपात शोधावे.

झीज सिद्ध झाली, तर आमचे मत दुसऱ्या मिस्त्रींच्या बाजूने आहे. आपलेच इंजिन पूर्ण उघडून बांधावे. कोल्हापूरहून येणारे जुने इंजिन कोणत्या गाडीत, किती वर्षे आणि कसे चालले हे आपल्याला कळत नाही. बाहेरून रंग मारलेल्या इंजिनाच्या आत क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) किती वेळा ग्राइंड झाली आहे, म्हणजे घासून बारीक केली आहे, हे तर उघडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. शिवाय दोन दिवसांत बसवलेल्या इंजिनाबरोबर आपण एक नवा इंजिन नंबर विकत घेतो आणि त्याची कागदपत्रे उभी करण्याचे काम गळ्यात पडते. आपला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे मुख्य धड, तोच राहिला, तर नंबरही तोच राहतो. कंपनीने रिकंडिशन करून वॉरंटीसह एक्स्चेंजमध्ये दिलेले इंजिन मिळत असेल, तर तो पर्याय विचारात घेण्यासारखा आहे, कारण तिथे निदान जबाबदार कोण हे ठरलेले असते. पैसे थोडे जास्त पडतात, पण ब्लॉकलाच तडा गेलेला निघाला तर हाच मार्ग उरतो.

काम अर्धवट मात्र करू नये. नुसत्या नव्या रिंगा घालून गाडी बाहेर काढली, तर झिजून लंबगोल झालेल्या लायनरमध्ये त्या बसत नाहीत आणि पुढचा आंब्याचा हंगाम येईतो पुन्हा धूर सुरू होतो. लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग एकत्र बदलावेत. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मोजून मगच ग्राइंडिंग करायचे की नाही हे ठरवावे. हेडची तड्यांसाठी प्रेशर टेस्ट करावी. डिझेल पंप आणि इंजेक्टर बेंचवर कॅलिब्रेट करून घ्यावेत. रत्नागिरीत सोय झाली नाही, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही मशिनची कामे करणारे वर्कशॉप आहेत. मोजमापांचे आकडे कागदावर मागावेत आणि काढलेले जुने भाग परत घ्यावेत, म्हणजे काय बदलले हे डोळ्यांनी दिसते. गाडी तयार झाल्यावर पहिले हजारभर किलोमीटर हलका माल भरावा, तोवर चिरा भरून घाट चढू नये आणि इंजिन उगीच तासन् तास आयडलवर ठेवू नये, कारण रिंगा बसायला थोडा भार लागतोच. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलावेत.

मुलाचे म्हणणे आम्ही हलके घेत नाही. आपली गाडी पंधरा वर्षांच्या घरात आली आहे. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते, पंधरा वर्षांनंतर त्याचे शुल्क बरेच वाढते आणि पर्यावरण कर वेगळा. तरीही फिटनेसमध्ये उत्तीर्ण होणारा खाजगी ट्रक केवळ वयामुळे भंगारात काढावा लागत नाही. हिशेब असा करावा : समजा फुल इंजिनकामाला दोन लाख रुपये आले आणि चासी पाहता गाडी अजून चार वर्षे चालेल असे वाटले, तर इंजिनाचा भार वर्षाला पन्नास हजारांचा झाला. त्यात वाढीव फिटनेस शुल्क, कर आणि किरकोळ दुरुस्त्या मिळवाव्यात. समोर नव्या गाडीचा हप्ता मांडावा आणि तो बारा महिन्यांचा मांडावा. पावसात चिरेखाणी बंद असतात, गाडी अंगणात उभी असते आणि हप्ता मात्र जून ते सप्टेंबर तसाच चालू राहतो. मुलगा बारमाही धंदा जोडणार असेल, म्हणजे सिमेंट, किराणा किंवा मासळीच्या बर्फाची वाहतूक हाती असेल, तर नवी गाडी शोभते. धंदा आहे तेवढाच राहणार असेल, तर जुनी गाडी नीट करून हप्त्याशिवाय चालवण्यातच आपले हित आहे असे आम्हाला वाटते. इंजिन उघडायचे ते जूनमध्ये, गाडी तशीही उभी असताना उघडावे. दसऱ्याच्या तोंडावर मशिन वर्कशॉपमध्ये गर्दी होते आणि घाईत मोजमापे चुकतात.

प्रश्न : मी देवगडला मासळी वाहण्यासाठी जुना टेम्पो घेतला. आता लक्षात आले की, आधीच्या मालकाने त्यात दुसरे इंजिन बसवले होते आणि आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी जुळत नाही. फिटनेसची तारीख जवळ आली आहे. मिस्त्री म्हणतात, ब्लॉकवर आरसीतला नंबर ठोकून पाडून देतो.
— एक वाचक, देवगड

उत्तर : नंबर पाडून घेऊ नका. खाडाखोड केलेला नंबर तपासणीत ओळखू येतो आणि मग साधी नोंदीची त्रुटी फौजदारी प्रकरणात बदलते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील फेरबदलांची तरतूद आहे. त्यानुसार मंजुरी घेऊन केलेला बदल 14 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवावा लागतो. आधीच्या मालकाने ते केलेले नाही, म्हणून तुम्ही त्यांच्याकडून इंजिनाचे बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिची कागदपत्रे मिळवा, नंबर चोरीच्या गाडीचा नाही याची पोलिसांकडून खात्री करून घ्या आणि फिटनेसच्या तारखेपूर्वीच सिंधुदुर्गनगरीच्या परिवहन कार्यालयात स्वतःहून लेखी अर्ज द्या. हे होईपर्यंत गाडी लांबच्या फेरीला काढू नये, कारण अपघात झाला तर न जुळणाऱ्या नंबरामुळे विम्याचा दावा अडू शकतो. आधीचा मालक कागद द्यायला तयार नसेल, तर खरेदीच्या व्यवहाराची पावती आणि त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार अर्जासोबत जोडावा.