वजन तेच, ताकद मात्र उतरली : स्नायूंच्या झिजेविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांत तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझे वय ६६ आहे. गेली वीस वर्षे वजन ६० किलोच्या आसपास आहे आणि रक्ताचे अहवालही ठीक आहेत. तरीही वर्षभरापासून पूजा आटोपून पाटावरून उठताना देवघराच्या चौकटीला धरावे लागते, गच्चीवर वाळवण नेताना जिन्यात थांबावे लागते आणि लोणच्याच्या बरणीचे झाकण नातवाकडून उघडून घ्यावे लागते. मी रोज अर्धा तास फिरते. घरचे म्हणतात, वय झाले. हे खरे का?
– वाचक भगिनी, महाल, नागपूर

उत्तर : घरच्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. तिशी ओलांडल्यावर दर दहा वर्षांनी शरीरातील स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद अधिक लवकर उतरते. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८९मध्ये अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवले आणि २०१६पासून अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात तिची स्वतंत्र आजार म्हणून नोंद होते. आजार म्हटले की त्यावर काही करता येते. ‘वय झाले’ म्हटले की तेथेच सगळे थांबते, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

वजन तेवढेच आहे यावर आपण विसंबू नये. स्नायू कमी होऊन त्यांची जागा चरबीने घेतली तर काट्यावरचा आकडा हलत नाही, आणि आपल्या लोकांत हे फार आढळते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगाने बेताची दिसणारी भारतीय व्यक्ती आतून स्नायूंच्या बाबतीत गरीब असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले.

आपली परीक्षा घरीच करून पाहा. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसा, दोन्ही हात छातीवर बांधा आणि न थांबता पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसा. सून किंवा नातू शेजारी उभा राहून घड्याळ लावू दे. पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार सार्कोपेनियाची शंका घ्यावी. सेकंदांपेक्षाही उठण्याची रीत अधिक बोलकी असते. ज्यांच्या मांड्या दुबळ्या झाल्या आहेत, त्या व्यक्ती आधी खुर्चीच्या कडेला सरकतात, पाऊल आत ओढतात, हात नकळत गुडघ्यांवर जातात, मग एक हिसका देऊन उठतात आणि उठल्यावर क्षणभर तोल सावरत थांबतात. तो क्षण मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. पाय घसरला की चटकन सावरून घेणारे स्नायूंतील जलद तंतू वयाबरोबर सर्वांत आधी बारीक होतात आणि म्हणूनच न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग येतात. याखेरीज शिवणाच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. स्त्रियांत ३३ आणि पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हीदेखील सूचना समजावी. बरणीच्या झाकणाची तक्रारही क्षुल्लक नाही. १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुठीची पकड जितकी कमी, तितका मृत्यूचा धोका जास्त आढळला होता.

फिरणे चालू ठेवा, ते हृदयासाठी उत्तम आहे. परंतु सपाट रस्त्यावर रमतगमत चालण्याने मांडीच्या स्नायूला वाढण्याचे कारण मिळत नाही. त्याला सवयीपेक्षा जास्त भार हवा असतो. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, त्याच खुर्चीवरून आठ ते दहा वेळा सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा. दोन मिनिटे विसावा घेऊन हे तीनदा करा. ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून उचलणे, एवढे त्याला जोडा. दहा वेळा सहज जमू लागले की छातीशी दोन किलोची तांदळाची पिशवी धरून उठा. भार वाढवत नेला नाही तर ताकदही थांबते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की नागपुरात बाहेर फिरणे बंद पडते, पण हा व्यायाम पंख्याखाली करता येतो. या वयात काय उपयोग, असे वाटत असेल तर बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातला प्रयोग सांगतो. १९९०मध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी तेथील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचे वजनी व्यायाम करून घेतले, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आता जेवणाविषयी. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात, रात्री खिचडी, असे आपल्याकडच्या बहुतेक ज्येष्ठांचे जेवण असते. त्यातून जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय शिफारस प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे आणि मलाही ते पटते. आपल्याला म्हणजे रोज ६० ते ७२ ग्रॅम हवीत. मूठभर भाजलेले फल्लीदाणे सात-आठ ग्रॅम देतात, वाटीभर बरबटीची किंवा मटकीची उसळ जवळपास तेवढेच, पेलाभर दूध सहा ग्रॅम, एक अंडे सहा ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्या तर पंधरा ग्रॅम. हिवाळ्यात सोले-वांग्याची भाजी करता, तेव्हा वांगे कमी आणि सोले जास्त घाला. हे सगळे एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत वाटून घ्यावे, कारण सकाळच्या रिकाम्या पोह्यांची भरपाई रात्री होत नाही.

एक इशारा देऊन ठेवतो. ताकद काही आठवड्यांतच झपाट्याने गेली असेल, एकाच बाजूची गेली असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर व्यायामाची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : वय ४४. दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. रात्रीचे जेवण पूर्ण बंद करून आणि रोज धावून मी चार महिन्यांत ११ किलो वजन उतरवले, सगळे कौतुक करतात. पण पूर्वी दहा किलोमीटर ५६ मिनिटांत व्हायचे, आता ६३ लागतात, आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर तर चालावेच लागते. वजन कमी झाल्यावर वेग वाढायला हवा ना?
– वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : उतरलेले ११ किलो कशाचे होते, यावर ते अवलंबून आहे. आहार कमी करून वजन घटवले की साधारण त्याचा पाव भाग चरबीखेरीज इतर पेशींचा, म्हणजे बऱ्याच अंशी स्नायूंचा असतो. उपासमार तीव्र असेल, प्रथिने कमी असतील आणि वजनी व्यायाम मुळीच नसेल तर हा वाटा आणखी वाढतो. सपाट रस्त्यावर हलक्या शरीराने ही उणीव काही काळ झाकली जाते. चढावर मात्र प्रत्येक पावलाला मांडी आणि नितंबाच्या स्नायूंना जोर लावावा लागतो, त्यामुळे ती तेथेच उघडी पडते. शिवाय धावण्यासाठी लागणारे ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातील साखरेचा साठा, मुख्यतः स्नायूंतच साठते. कोठारच लहान झाले आणि रात्री ते भरलेही नाही, तर सकाळी सातव्या किलोमीटरला पाय जड होणारच.

आपल्या बाबतीत घड्याळातील सात मिनिटांपेक्षा मला मधुमेहाची चिंता जास्त आहे. इन्सुलिनच्या प्रभावाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकी सुमारे ८० टक्के स्नायू उचलतात. आज उपाशी राहून साखर आटोक्यात दिसत असली, तरी साखर रिचवणारे यंत्रच आपण लहान करत आहात, आणि वजन परत आले तर ते बहुधा चरबीच्या रूपाने येईल. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करा. प्रथिने दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास न्या. रोजचे धावणे आठवड्यातून चार दिवसांवर आणून दोन दिवस बैठका, एका पायावरच्या पायरी-चढण्या आणि जमिनीवरून वजन उचलणे, हे एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली करा. मात्र इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणारी गोळी चालू असेल, तर आहार-व्यायामात बदल करण्यापूर्वी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पुढचे वजन उतरवायचेच असेल तर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नये.

प्रश्न : प्रथिनांच्या पावडरीने मूत्रपिंड खराब होते का?
– वाचक, वर्धा

उत्तर : मूत्रपिंड निरोगी असेल तर वर सांगितलेल्या प्रमाणात होत नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर पावडरच काय, डाळीचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पावडर म्हणजे दुधापासून किंवा सोयाबीनपासून काढलेली प्रथिनेच. दातांमुळे किंवा भूक मेल्यामुळे जेवण जात नसेल तेव्हा तिचा उपयोग होतो. व्यायामाशिवाय नुसती पावडर घेऊन ताकद वाढेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

प्रश्न : वडिलांचे वय ७९. न्यूमोनियासाठी बारा दिवस रुग्णालयात होते, आता घरी आले आहेत. फुप्फुस बरे झाले असे डॉक्टर सांगतात, पण ते उभेही राहू शकत नाहीत. महिनाभर पूर्ण आराम द्यावा, असे सगळ्या नातेवाइकांचे म्हणणे आहे. काय करावे?
– वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : आपले नातेवाईक मायेने बोलत आहेत, तरीही कळकळीने सांगतो, हा सल्ला मानू नका. निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू गेल्याचे २००७मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले. आपले वडील तर निरोगी नव्हते. ताप आणि जंतुसंसर्गात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरते. माझी आई अशाच आजारातून उठली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या, ज्या पूर्वी मनगटावरून हलत नसत, त्या हात वर करताच कोपरापर्यंत घसरत. आम्हीही तिला आठवडाभर पडू दिले होते. तो आठवडा भरून काढायला पुढे तीन महिने लागले.

डॉक्टरांची अनुमती घेऊन आजपासूनच सुरुवात करा. पहिले दोन दिवस पडल्यापडल्या टाचा बिछान्यावर दाबून गुडघे सरळ करणे आणि दिवसातून चार-पाच वेळा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणे एवढेच करा. नंतर दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार देऊन उभे करावे. काखेत हात घालून उचलू नये, कमरेला घट्ट बांधलेल्या पट्ट्याला धरावे आणि जोर त्यांच्या पायांना लावू द्यावा. शक्य असेल तर आठवड्यातून दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. भूक नसेल तर थोडे थोडे सहा वेळा द्या : घट्ट वरण, दही, उकडलेले अंडे, दुधात कालवलेले सातूचे पीठ. आणि दोन्ही वेळचे जेवण पलंगावर न देता खुर्चीत बसवून द्या. बाकी काहीही जमले नाही त्या दिवशीसुद्धा त्यांचे दोनदा उठणे आणि दोनदा बसणे तेवढ्याने होते.